छायाचित्राची पाठ : फाइल-व्यवस्थापकात दिसणाऱ्या नोंदींचे वाचन

मोडी कागदांवर काम करणाऱ्या अभ्यासकाचे कागदाची पुढची बाजू वाचून भागत नाही. पाठीवरचा शेरा, रुमालाचा क्रमांक, पत्र पावल्याची तिथी, शिक्का कोठे उमटला आहे, ही सामग्री मूळ मजकुराइतकीच आणि क्वचित त्याहून अधिक बोलकी असते. पोथीच्या अखेरीस पुष्पिका नसेल तर तिचा काळ ठरविताना किती सायास पडतात, हे ज्याने एकदा अनुभवले आहे त्याला याविषयी अधिक सांगणे नलगे. आज शिलालेख, वीरगळ, ताम्रपट, खाजगी दप्तरे आणि वृद्धांच्या मुलाखती ही साधने संशोधकाकडे फार मोठ्या प्रमाणावर छायाचित्रांच्या व चलच्चित्रांच्या फायलींच्या रूपाने येतात. या फायलींनाही पाठ असते. त्या पाठीवर काय लिहिलेले असते, ते कोण लिहितो, ते संगणकाच्या फाइल-व्यवस्थापकात कसे पाहावे आणि पुरावा म्हणून कितपत मानावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या सामग्रीस इंग्रजीत मेटाडेटा म्हणतात. तिला मराठीत अद्याप एकमताचा प्रतिशब्द नाही. जे सुचविले गेले ते उच्चारास जड आहेत. म्हणून येथे 'नोंद' हा साधा शब्द वापरला आहे. नोंदी दोन जातींच्या असतात आणि हा भेद ध्यानात न घेतल्यामुळेच बहुतेक घोटाळे होतात. पहिली जात बाह्य नोंदींची. फाइल ज्या डिस्कवर ठेवली आहे त्या डिस्कची व्यवस्था त्या ठेवते : फाइलचे नाव, आकार, निर्माण केल्याची वेळ, बदल केल्याची वेळ. दुसरी जात अंतर्गत नोंदींची. त्या कॅमेऱ्याने किंवा नंतर एखाद्या सॉफ्टवेअरने फाइलीच्या पोटातच लिहिलेल्या असतात आणि फाइल जेथे जाईल तेथे तिच्यासोबत जातात. पाकिटावरील टपालाची मोहोर आणि पत्राच्या शिरोभागी पत्रलेखकाने घातलेली तारीख यांत जो फरक, तोच येथे आहे.

बाह्य नोंदींचा विचार लवकर आटोपता येतो. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये 'डेट क्रिएटेड' हा स्तंभ पाहून अनेक विद्यार्थी तीच छायाचित्राची तारीख समजतात. वस्तुतः ती केवळ या डिस्कवर ही प्रत अवतरल्याची वेळ होय. फाइल एका डिस्कवरून दुसरीवर उतरविली की 'क्रिएटेड' नवी पडते, परंतु 'मॉडिफाइड' जुनीच राहते. त्यामुळे फाइल जन्मण्यापूर्वीच तिच्यात बदल झाला होता, असे विलक्षण दृश्य दिसते. यात दोष कोणाचाही नाही. नकलेची तारीख आणि मूळ लेखाची तारीख वेगळ्या असणारच. इतकेच की नकलेच्या तारखेवर प्रबंधातील विधान उभारू नये.

अंतर्गत नोंदींचे तीन थर आढळतात. सर्वांत परिचित तो एक्झिफचा. जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९९५ साली हे प्रमाण प्रसिद्ध केले आणि आज जवळजवळ प्रत्येक कॅमेरा व दूरध्वनी त्याचे पालन करतो. कॅमेऱ्याची बनावट, भिंगाचे नाभ्यंतर, प्रकाशनाचा अवधी, चित्र कोणत्या बाजूने उभे धरावे, वेळ व स्थान या गोष्टी त्यात असतात. दुसरा थर आयपीटीसीचा. १९६५ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय वृत्त-दूरसंचार परिषदेने वृत्तसंस्थांच्या गरजेसाठी तो आखला. म्हणून त्यात शीर्षक, चित्रवर्णन, छायाचित्रकाराचे नाव, गाव, हक्क अशी मनुष्याने लिहावयाची माहिती प्रमुख आहे. तिसरा थर एक्सएमपीचा. अडोबी कंपनीने तो २००१ साली आणला व २०१२ साली त्याला आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळाला. एकाच फाइलीत हे तिन्ही थर एकाच वेळी असू शकतात आणि छायाचित्राची तारीख त्या तिन्हींत वेगवेगळी असू शकते. फाइल-व्यवस्थापक यांपैकी एक निवडून दाखवितो. आपण निवड केली आहे हे मात्र तो सांगत नाही.

नोंदी पाहण्याची रीत सोपी आहे. विंडोजमध्ये फाइलीवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' व त्यातील 'डिटेल्स' हे पान उघडावे. पुष्कळ फायली एकदम तपासावयाच्या असतील तर सूचीच्या दृश्यात स्तंभांच्या मथळ्यावर उजवी कळ दाबून 'डेट टेकन', 'कॅमेरा मॉडेल', 'डायमेन्शन्स' हे स्तंभ मागवावेत आणि त्यांप्रमाणे क्रम लावावा. दोन-तीनशे चित्रांच्या संचात एखादे परके चित्र घुसले असेल तर ते या स्तंभांत तत्काळ उठून दिसते. मॅकवर 'गेट इन्फो'मधील 'मोअर इन्फो' या भागात थोड्या नोंदी दिसतात. विस्ताराने पाहावयाच्या तर 'प्रिव्ह्यू'मध्ये चित्र उघडून त्याचा निरीक्षक मागवावा लागतो. लिनक्सवरील डॉल्फिन या व्यवस्थापकात एफ-११ ही कळ दाबली की बाजूला माहितीचे पान उघडते. टोटल कमांडरसारख्या दुभागी व्यवस्थापकांत पूरक जोडण्या बसवून असेच स्तंभ मिळविता येतात.

परंतु व्यवस्थापकाच्या खिडकीतून दिसते ते घराचे एक दालन. विंडोजचा 'डेट टेकन' हा स्तंभ मिनिटापर्यंतच वेळ दाखवितो; सेकंद फाइलीत असूनही दिसत नाहीत. ताम्रपटाच्या दोन बाजूंची चित्रे एकाच मिनिटात घेतली असतील तर कोणती आधीची हे त्या स्तंभावरून कळणार नाही. स्थानाच्या बाबतीत अधिक गंमत आहे. एक्झिफमध्ये अक्षांश-रेखांशाचे आकडे एका ठिकाणी व उत्तर की दक्षिण, पूर्व की पश्चिम, हे दुसऱ्या ठिकाणी लिहिलेले असते. विंडोजच्या 'डिटेल्स' पानावर अंश, कला व विकला अर्धविरामांनी तोडून दिसतात, दिशा दिसत नाही. महाराष्ट्रात काम करणाऱ्याला याची बाधा नाही. पण मॉरिशसमधील मराठी भाषकांच्या मंदिरांचे सर्वेक्षण करणाऱ्याने तेथील सुमारे वीस अंश दक्षिण अक्षांश उत्तरेचा धरला तर त्याची मंदिरे ओमानच्या किनाऱ्याजवळ जाऊन उभी राहतील. म्हणून गंभीर कामासाठी फाइल-व्यवस्थापकावर न थांबता फिल हार्वी यांचे एक्झिफटूल हे साधन वापरावे. २००३ पासून विकसित होत आलेले हे साधन विनामूल्य आहे आणि प्रत्येक नोंद कोणत्या थरातून आली हेही ते सांगू शकते. चलच्चित्रांसाठी मीडियाइन्फो उपयोगी पडते.

आता तारखेकडे वळू. एक्झिफमध्ये तारखांची तीन घरे आहेत : मूळ दृश्य टिपल्याची वेळ, त्याचे अंकीय रूप झाल्याची वेळ आणि फाइलीत अखेरचा बदल झाल्याची वेळ. अंकीय कॅमेऱ्यात पहिल्या दोन वेळा एकच असतात. भेद पडतो तो जुन्या चित्रांच्या बाबतीत. एखाद्या घराण्याकडे १९३६ सालची काचेची निगेटिव्ह आहे आणि संशोधकाने २०१९ साली दूरध्वनीच्या कॅमेऱ्याने तिचे चित्र घेतले, असे समजा. कॅमेऱ्याला काचेवरील दृश्याचे ज्ञान नाही. तो मूळ वेळ म्हणूनही २०१९ च लिहितो. नोंद खोटी नाही, ती चित्राच्या चित्राची आहे. हीच फाइल पाच वर्षांनी दुसऱ्याच्या हाती पडते, स्तंभात २०१९ दिसते आणि पडलेल्या वाड्याचा दरवाजा २०१९ पर्यंत उभा होता असे विधान टिपणात शिरते. वास्तूंच्या ऱ्हासाचा कालक्रम ठरविणाऱ्या अभ्यासात अशी एक चूकही पुढची सारी मांडणी बिघडवू शकते. अशा चित्रात मूळ वस्तूची तारीख मनुष्याने वेगळी लिहावी लागते, आणि तिच्यासाठी आयपीटीसी व एक्सएमपी या थरांत जागा ठेवलेली आहे.

कॅमेऱ्याच्या घड्याळावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. दूरध्वनी आपली वेळ जाळ्यावरून दुरुस्त करून घेतो, पण स्वतंत्र कॅमेऱ्यात ती मालकाने लावलेली असते. आतील घटिका-विद्युत्घट संपला की ते घड्याळ निर्मात्याने ठरविलेल्या आद्य दिवसाकडे परत जाते. यावर एक जुना व साधा उपाय आहे. क्षेत्रकार्याच्या आरंभी व अखेरीस दूरध्वनीच्या पडद्यावरील घड्याळाचे एक छायाचित्र त्याच कॅमेऱ्याने घ्यावे. चित्रातील वेळ आणि चित्राच्या नोंदीतील वेळ यांची वजाबाकी म्हणजे त्या दिवसाची चूक. ती सर्व फायलींना सारखीच लागू पडते आणि मागाहून दुरुस्त करता येते.

एक्झिफच्या मूळ रचनेत आणखी एक उणीव होती. तारीख व वेळ लिहिली जाई, पण ती कोणत्या देशाची हे लिहावयास जागाच नव्हती. २०१६ सालच्या २.३१ या आवृत्तीत प्रमाणवेळेतील अंतर नोंदविण्याची सोय झाली. सर्व कॅमेरे ती वापरतातच असे नाही. उपग्रहांकडून येणारी वेळ मात्र त्याच फाइलीत जागतिक प्रमाणवेळेत असते. म्हणून आपल्याकडील चित्रांत या दोन वेळांत साडेपाच तासांचे अंतर दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. उलट ते अंतर बरोबर साडेपाच तास आहे, हीच कॅमेऱ्याचे घड्याळ भारतीय वेळेस नीट लावले असल्याची खूण समजावी.

चलच्चित्रांत हे प्रकरण अधिक अवघड होते. एमपी-फोर व क्विकटाइम या जातींच्या फायलींत निर्मितीची वेळ १ जानेवारी १९०४ च्या मध्यरात्रीपासून लोटलेल्या सेकंदांच्या रूपाने लिहितात, आणि प्रमाणाप्रमाणे ती जागतिक वेळ असावी लागते. आषाढी एकादशीच्या पहाटे अडीच वाजता पंढरपुरात केलेले चित्रण घ्या. जागतिक वेळेत तो क्षण आदल्या रात्रीच्या नऊचा. एक्झिफटूल मुळात तो आकडा आहे तसाच छापते. मग एकादशीचे चित्रण दशमीच्या खाती जमा होते. विंडोजचा 'मीडिया क्रिएटेड' हा स्तंभ साडेपाच तास मिळवून अडीच दाखवितो, आणि ते बरोबर. पण अनेक कॅमेरे प्रमाण न पाळता त्याच जागी स्थानिक वेळ लिहितात. तेव्हा तोच स्तंभ त्यातही साडेपाच तास मिळवितो व पहाटेचे चित्रण सकाळी आठचे ठरते. म्हणजे एकच खिडकी एका फाइलीबाबत खरे आणि शेजारच्या फाइलीबाबत असत्य सांगते. ॲपलच्या दूरध्वनींनी स्थानिक वेळ व तिचे अंतर यांची वेगळी नोंद ठेवून हा प्रश्न सोडविला आहे. इतर साधनांच्या बाबतीत एक परीक्षक चित्रण करून त्यांची रीत एकदा तपासून घ्यावी लागते. शिवाय काही साधने चित्रणाच्या आरंभाची वेळ लिहितात, काही समाप्तीची. दीड तासाच्या मुलाखतीत हा फरक दीड तासाचा होतो.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास या गोष्टीचे नवल वाटू नये. एकाच दप्तरात शक, फसली, सुहूर व हिजरी हे सन शेजारी-शेजारी नांदतात. शके १५९६ ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी म्हणजे ६ जून १६७४, हे आपण जंत्री पाहून ठरवितो. संगणकातही असेच निरनिराळे शक चालू आहेत. क्विकटाइमचा शक १९०४ पासून, युनिक्सचा १९७० पासून, पेनड्राइव्हवर वापरल्या जाणाऱ्या जुन्या फॅट व्यवस्थेचा १९८० पासून, आणि विंडोजच्या एनटीएफएस व्यवस्थेचा तर १ जानेवारी १६०१ पासून. हे आरंभबिंदू पाठ असण्याचा एक व्यावहारिक लाभ आहे. एखाद्या फाइलीवर १ जानेवारी १९७० सकाळचे साडेपाच असे दिसले तर ती तारीख नव्हे, शून्य आहे. भारतीय वेळेत रूपांतरित झालेले रिकामे घर आहे. चलच्चित्रावर १९०४ दिसले तरी अर्थ तोच. क्विकटाइमचा बत्तीस अंशांचा गणक ६ फेब्रुवारी २०४० रोजी भरून जाणार आहे.

स्थानाच्या नोंदीविषयी थोडे. अक्षांशाची एक विकला म्हणजे जमिनीवर सुमारे एकतीस मीटर. दूरध्वनी विकलेचेही अंश लिहितो, त्यामुळे वीरगळ गावाच्या कोणत्या टोकास आहे हे नोंदीवरून सांगता येते. रानात विखुरलेल्या अवशेषांचा नकाशा करणाऱ्यास ही मोठीच देणगी आहे. परंतु जी नोंद वीरगळाचा ठाव सांगते, तीच मुलाखत देणाऱ्या वृद्धेच्या घराचाही ठाव सांगते. डिसेंबर २०१२ मध्ये व्हाइस या नियतकालिकाने जॉन मॅकअफी यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. ते त्या वेळी बेलीझमधून निसटून अज्ञातवासात होते. चित्रातील स्थाननोंद काढून टाकण्याचे राहिले आणि ते ग्वाटेमालात आहेत हे वाचकांनी तासाभराच्या खटपटीनेही शोधावे इतके उघड झाले. ज्यांनी नाव न सांगण्याच्या अटीवर माहिती दिली, त्यांची चित्रे परिशिष्टात देताना हे उदाहरण आठवावे. विंडोजच्या 'डिटेल्स' पानाच्या तळाशी नोंदी काढून टाकण्याची सोय आहे. ती प्रसिद्धीच्या प्रतीवर वापरावी, मूळ प्रतीवर कदापि नव्हे. चित्राची कड कापून कोणाचा चेहरा वगळला असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी : एक्झिफच्या पोटात चित्राची एक लहान प्रतिकृती असते आणि काही सॉफ्टवेअर ती बदलावयाचे विसरतात. मोठ्या चित्रातून गेलेला चेहरा लहान चित्रात तसाच राहतो.

याच्या नेमके उलट संकट निरोपांच्या ॲप्समुळे येते. व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठविलेली फाइल आकाराने लहान केली जाते व तिच्या एक्झिफ नोंदी गळून पडतात. अँड्रॉइडवर फाइलीच्या नावात एक तारीख उरते, पण ती त्या साधनावरील देवघेवीची, छायाचित्रणाची नव्हे. गावातील सहकाऱ्याकडून शिलालेखाचे चित्र मागवावयाचे असेल तर ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविण्यास सांगावे; मग फाइल जशीच्या तशी येते. एवढी एक सूचना वेळीच दिली तर पुढील पत्रव्यवहार वाचतो.

नोंद पाहिल्याने फाइलीतील मजकूर बदलत नाही. नोंद लिहिल्याने बदलतो. विंडोजच्या 'डिटेल्स' पानावर चित्रास तारे देणे किंवा शीर्षक घालणे हे वरकरणी निरुपद्रवी कृत्य आहे, तथापि त्याने फाइलीतील बाइट बदलतात आणि तिचा हॅश, म्हणजे अंकीय अंगठा, निराळा होतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून अंमलात आला. त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचा हॅश नमूद करावा लागतो. आपले काम न्यायालयापर्यंत जाईल असे नव्हे, परंतु देवस्थानाच्या जमिनीचा वाद किंवा मूर्तीची चोरी यांत संशोधकाचे जुने छायाचित्र मागितले जाणे अशक्य नाही. मूळ फायली प्रथम न हाताळता वेगळ्या ठेवून त्यांचे हॅश टिपून घ्यावेत, आणि वर्णने प्रतींवर लिहावीत.

वर्णने मराठीत लिहिणाराला एक जास्तीची अडचण आहे. एक्झिफमधील चित्रवर्णनाचे घर मुळात केवळ इंग्रजी अक्षरांसाठी होते. तेथे देवनागरी लिहिली तर काही सॉफ्टवेअर ती दाखवितात, काही प्रश्नचिन्हांची ओळ दाखवितात. २०२३ सालच्या ३.० या आवृत्तीने युनिकोडला अधिकृत प्रवेश दिला, पण जुनी साधने तिच्याशी अपरिचित आहेत. आयपीटीसीच्या जुन्या थरात घरे बाइटांनी मोजलेली आहेत : छायाचित्रकाराच्या नावास ३२, वर्णनास २०००. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो वा काना-मात्रा, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. उदाहरणादाखल 'विश्वनाथ राजवाडे' हे नाव घेतले तर त्याचे ४६ बाइट होतात. नियम काटेकोर पाळणारे सॉफ्टवेअर ते 'विश्वनाथ रा'वर तोडील व पुढच्या अक्षराचा एक तुटका बाइट मागे ठेवील. एक्सएमपीच्या थराला ही बंधने नाहीत. मराठी वर्णने तेथेच लिहावीत, आणि मूळ फाइलीस हात लावावयाचा नसेल तर सोबतच्या वेगळ्या एक्सएमपी फाइलीत लिहावीत. ही सोबतची फाइल मूळ फाइलीच्या नावाने ओळखली जाते. व्यवस्थापकात एकीचे नाव बदलले किंवा एकीला दुसऱ्या कप्प्यात हलविले आणि दुसरीला विसरले, तर दोघींचा संबंध तुटतो व ते वर्णन कोणत्या चित्राचे हे कळावयास मार्ग उरत नाही.